वाळवीनं न खाल्लेली कादंबरी

वाचनालयासाठी कादंबरी विकत घेताना मी फक्त तिचं शेवटचं पान वाचत असे. लगेच माझ्या नावानं बोटं मोडू नका. वर्षातून एकदा अनुदान यायचं. ते आलं की मी नगरला जायचो, पुस्तकांच्या दुकानात स्टुलावर बसायचो आणि जामखेडकडे जाणारी शेवटची एसटी सुटायच्या आत वर्षभराच्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून घ्यायचो. सगळी पुस्तकं वाचून निवडायची म्हटली असती, तर दुकानदाराला मला दत्तकच घ्यावं लागलं असतं.

शिवाय आमच्या वाचकांचा पुस्तक नेताना एकच प्रश्न असे, “शेवट गोड आहे ना?” शेवटी कुणी मेलं, तर पुस्तक परत करताना लोक माझ्याकडे असे बघत, जणू मीच गळा दाबला. म्हणून शेवटचं पान. त्यावर लग्न, बारसं किंवा निदान समेट असला, की पुस्तक गठ्ठ्यात.

त्या वर्षी एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर हलगी वाजत होती. सगळा गाव घराबाहेर पडला होता. बायका पुढे, पुरुष मागे, म्हातारीकोतारी काठ्या टेकत. ‘ती’ सगळ्यांच्या पुढे होती आणि तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं. मी म्हटलं, वरात. नवरी पायी का चालली आहे आणि नवरदेव कुठे आहे, हे प्रश्न मला पडायला हवे होते. पण एसटीची वेळ झाली होती. घेतली. वाचनालयात आणून शिक्के मारले आणि ‘कौटुंबिक’च्या कपाटात तिचा नंबर लावला.

ती वरात नव्हती. तहसील कचेरीवर निघालेला मोर्चा होता. हे मला कळलं, तेव्हा पुस्तक आमच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन आलं होतं.

वाचनालय म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. आमचं गाव नगर-जामखेड रस्त्याला लागून. नाव सांगत नाही. या गोष्टीतली निम्मी माणसं अजून तिथेच आहेत आणि मला अधूनमधून तिथे जेवायला जावं लागतं. वेशीजवळ दोन खोल्या. पुढच्या खोलीत वाचनालय, मागच्या खोलीत मी, माझी बायको सुमन आणि आमच्या दोन मुली. दोन्ही खोल्या अध्यक्षांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या. भाडं ते घेत नसत. त्याचा मोबदला म्हणून दर सभेत त्यांच्या दानतीवर चार शब्द बोलावे लागत, आणि ते मीच बोलत असे.

पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. वाचकानं स्वतः पुस्तक हाताळायचं नाही. त्यानं म्हणायचं, “काहीतरी चांगलं द्या,” आणि मी द्यायचं. म्हणजे गावानं कशावर रडावं आणि कशावर हसावं, हे एका पोटार्थी माणसाच्या हातात. परत आलेली पुस्तकं मी खोडरबर घेऊन तपासायचो, कारण आमच्या वाचकांना समासात शेरे मारायची खोड. ‘पुढे ही मरते’, ‘नायक बावळट’, ‘हे पान वगळले तरी चालेल’. शेरे पुसताना मी ते वाचत असे. खरं सांगतो, कित्येक पुस्तकांत वाचण्यासारखं तेवढंच असे.

अन्यायाच्या कादंबऱ्याही आमच्याकडे होत्या. कपाटात त्यांचा वेगळा खण नव्हता, कारण त्या सगळ्या सारख्याच असत. नायिका गरीब, ठिगळाचं लुगडं, पण रूप असं की सावकारानं बघतच राहावं. ती दोनतृतीयांश पुस्तकापर्यंत सोसायची आणि मग विहिरीत उडी टाकायची. त्यानंतर शहरातून एक तरुण झब्बा घालून यायचा आणि सात पानी भाषण करायचा. मिशीवाला खलनायक पश्चात्तापानं आजारी पडायचा. गरिबाला कादंबरीत विनोद करायची परवानगी नसे. शिवी द्यायचीही नाही. त्यानं फक्त आकाशाकडे बघायचं.

ही नवी कादंबरी जरा निराळी होती. झब्बेवाला नव्हता. दुष्काळातलं एक गाव, सरकारी पाणी, आणि ते पाणी आधी स्वतःच्या संत्र्याच्या बागेला पाजणारा एक बडा माणूस. गावातल्या खालच्या वस्तीला उरलंसुरलं. लेखकाचं नाव आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे तो राहायचा मुंबईत, आणि आमच्या रस्त्यानं तो कधी एसटीनंही गेला नसावा.

आणि साल कुठलं? बहात्तरच्या दुष्काळाचं. विहिरींचे तळ दिसत होते. निम्मा गाव रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होता. सरकारी टँकर येई तो अर्धा रिकामा. “वाटंत गळतो,” असं ड्रायव्हर म्हणायचा. वाटेत आबासाहेबांची लिंबाची बाग होती. त्या उन्हाळ्यात दहा कोसांत हिरवं असं तेवढंच होतं. टँकर कुठे गळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. मीही नाही. माझ्या डोक्यावर छप्पर आबासाहेबांचं होतं.

अशा वेळी मी माझ्या हातानं ती कादंबरी आबासाहेबांच्या घरी नेऊन दिली. नवीन पुस्तक पहिल्यांदा वहिनीसाहेबांनी वाचायचं, अशी आमची पद्धत होती. मी वर म्हणालो, “वहिनीसाहेब, ही अगदी घरगुती आहे. शेवट गोड.”

चार दिवसांनी आबासाहेबांचा बागेत ये म्हणून निरोप आला. ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. पायाशी ओलसर माती. मला आठवतंय, मी चप्पल काढून उभा राहिलो. देवळात शिरल्यासारखं नव्हे, तर तळपायांना गार लागावं म्हणून.

“पर्भाकर, आमच्या घरात काय आग लावलीस रं?”

“काय झालं, आबासाहेब?”

“तुजी ती घरगुती कादंबरी. बायकोनं वाचली. दोन दिस झालं, बोलत न्हाई. ताटात वाढती, माज्याकडं बघती, आन लिंबाची फोड ताटातनं काडून घेती.”

हसू आवरण्यात माझी सगळी शक्ती चालली होती.

“त्या मुंबईवाल्याला आमचं कुनी सांगितलं?”

“आबासाहेब, तुमचं काही नाही त्यात. त्यातली बाग संत्र्याची आहे.”

“फळ बदललं म्हंजी मानूस बदलतो व्हय?” आबासाहेब उठून बसले. “हे बघ. तू शिकलेला मानूस. मी काय पुस्तक जाळ म्हनत न्हाई. ते पाप. पुस्तकाला वाळवी लागती का न्हाई?”

“लागते.”

“मंग लागली. वाळवीनं खाल्लं म्हनून लिव्ह, बाद कर, सही कर. सबेत मी मंजूर करतो. मिटलं.”

मी “बघतो” म्हणालो. ‘बघतो’ हा शब्द नोकरदारांनी शोधून काढला असावा. त्यात होकार नसतो, नकार नसतो, आणि घरी सुखरूप जाता येतं.

गावात बातमी फुटली, आणि मग गंमत सुरू झाली. ज्यानं त्यानं येऊन विचारायचं, मी आहे का त्यात? दुष्काळी कामाचा ठेकेदार घुश्शात आला. त्याच्यासारखा सोन्याचा दात असलेला ठेकेदार पुस्तकात आहे, असं त्यानं ऐकलं होतं. पुस्तकातल्या ठेकेदाराचे सगळे दात शाबूत होते, मी पान काढून दाखवलं, तर म्हणाला, “म्हणजे मुद्दाम लपवलंय.” हेडमास्तर आले आणि पुस्तकातला भेकड मास्तर कुणावरून घेतला म्हणून हळू आवाजात चौकशी करून गेले. शेजारच्या गावचे सरपंच मोटारसायकलवर आले. त्यांच्यासारखं पुस्तकात कुणीच नव्हतं. ते जाताना इतके खट्टू झाले की मला चहा पाजावा लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबईत बसून लिहिणाऱ्या त्या माणसानं आमच्यातलं कुणी पाहिलंच नव्हतं. त्यानं अन्याय कसा चालतो एवढंच नीट लिहिलं होतं. कुणी पाणी अडवायचं, कुणी कानाडोळा करायचा, कुणी ‘बघतो’ म्हणायचं. टोप्या त्यानं शिवून ठेवल्या होत्या. डोकी आमची आम्ही घालत होतो.

आता सुमनचं सांगतो. ती माझ्या आधी पुस्तकं वाचायची. मी शेवटचं पान वाचणारा, ती पहिल्यापासून. आणि वाचलेलं पोटात ठेवणं तिला कधी जमलं नाही. वेशीपाशी टँकरची वाट बघत हंडे घेऊन तास न् तास बसावं लागे. तिथे ती बायकांना कादंबऱ्या सांगायची, रोज थोडी थोडी. तिच्यामुळे वाचनालयाचं तोंडही न पाहिलेल्या बायका पात्रांची नावं घेऊन भांडत असत.

पाण्याच्या रांगा दोन होत्या. एक गावाची, एक खालच्या वस्तीची. मध्ये बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. ती कुणी आखली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. गावाचं भरून झालं की उरेल ते वस्तीला. सुमननं ही कादंबरी सुरू केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी पलीकडच्या रांगेतून आवाज आला, “वयनी, मोठ्यानं सांगा की! आमच्याकडं गोष्ट बी निम्मीच येती, पान्यावानी.”

ही हौसाबाई. वस्तीतली, दिवसा खडी फोडायची. तिच्या जिभेलाही हातोडीचं वळण होतं. त्या दिवशी सुमन रांगेतून थोडी पलीकडे सरकून बसली. ऐकायला गावातल्या बायकाही सरकल्या. अंतर बैलगाडीचं होतं, ते सायकलीचं झालं. कुणी काही ठराव केला नाही.

एका संध्याकाळी सुमन घरी आली आणि हंडा उतरवता उतरवता म्हणाली, “आज मी तिला मारलं नाही.”

“कुणाला?”

“नायिकेला. पुस्तकात ती विहिरीत उडी टाकते ना? मी तेवढंच म्हटलं, तर हौसाबाई खवळली. म्हणाली, ‘इहिरीत पानी कुठं हाय उडी टाकायला? पानी असतं तर ही समदी तडफड कशाला?’ सगळ्या हसायला लागल्या. मग मलाच लाज वाटली. मी म्हटलं, चुकून बोलले, ती काठावरून परत आली.”

“अगं, लेखकानं लिहिलेलं असं बदलू नये,” मी ग्रंथपालाच्या अधिकारानं म्हणालो. “ती मेल्यावर तिची जाऊ पुढे होते. त्यानं काही विचार करून मारलं असेल तिला.”

“त्याच्या वाचकांना रडायला कुणीतरी हवं, एवढाच विचार. माझ्या बायकांना पाणी हवंय.” तिनं चूल फुंकली. “मोर्चात मी तिलाच पुढे ठेवणार आहे. जावेला घरी पोरं सांभाळू दे.”

घरात एक समीक्षक असला की ग्रंथपालाला काम उरत नाही.

पण मोर्चापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. पुस्तक ऐन मध्यावर होतं. बडा माणूस आणखी माजला होता आणि गाव आणखी सोसत होता. हौसाबाईनं मध्येच विचारलं, “वयनी, ही लोकं उठनार कवा?”

“उठतात. पण अजून निम्मं पुस्तक आहे.”

“निम्मं पुस्तक अजून सोसनार? त्यास्नी काय काम न्हाई, आमाला हाय. उंद्या सकाळी फाट्यावर जाऊ. कोन कोन येतंय?”

असा तो मोर्चा कादंबरीच्या आधी निघाला. मी घाबरून मागोमाग गेलो. बागेकडे वळणाऱ्या फाट्यावर बायका रस्त्यात हंडे मांडून बसल्या होत्या. गावातल्या थोड्या, वस्तीतल्या बऱ्याच. सुमन मध्यभागी. हलगी नव्हती. हौसाबाई पालथ्या हंड्यावर खडी फोडायच्या हातोडीनं ठेका धरून होती. मी बायकोजवळ वाकून कुजबुजलो, “अगं, पुस्तकात मोर्चा कचेरीवर जातो.”

“कचेरी जामखेडला आहे,” ती न वळता म्हणाली. “टँकर इथून जातो. तुम्ही सावलीत उभे राहा.”

मी बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. सामाजिक अन्यायाविरुद्धच्या लढ्यात माझी त्या दिवशीची कामगिरी एवढीच.

टँकर आला, थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं हंड्यांकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं आणि बिडी पेटवली. “मी हुकमाचा ताबेदार,” तो म्हणाला. “पन बाया आडव्या बसल्याव मी तरी काय करनार? उठा, गावात नेतो.” आवाजावरून वाटलं, तो महिनाभर असं कुणी आडवं येण्याचीच वाट बघत होता.

त्या दिवशी टँकर पहिल्यांदा भरलेला वेशीत आला. दोन्ही रांगा लागल्या. तिथे हौसाबाईनं सगळ्यांत अवघड प्रश्न विचारला. “भरून आला खरा. पन आदी वतायचं कुनाच्यात?”

टँकर अडवताना सगळ्या एक होत्या. नळी हातात आली आणि जुन्या रांगा आठवल्या. सुमन उठली आणि हौसाबाईच्या मागे जाऊन उभी राहिली. कुणी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “हिला गोष्ट सांगायची राहिलीय.” तिच्यामागे दोघीतिघी गेल्या. बाकीच्यांनी नाकं मुरडली. पाणी मात्र त्याच एका रांगेत उभं राहून घेतलं.

आबासाहेबांना दोष कुणाचा हे ठरवायला वेळ लागला नाही. पाणी अडलं ते पुस्तकामुळे आणि पुस्तक आलं ते माझ्यामुळे. लगेच कार्यकारी मंडळाची सभा लागली. विषय एकच.

वाचनाच्या टेबलाभोवती मंडळी बसली. आबासाहेब, ठेकेदार, हेडमास्तर, आणखी एकदोघे, आणि मंडळातल्या एकुलत्या एक बाई, मार्थाबाई. मार्थाबाई मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मी त्यांचा विद्यार्थी. समासातले शुद्धलेखनाचे पेन्सिली शेरे त्यांचे असत. ते मी कधी पुसले नाहीत, पुसायची छातीच नव्हती. खिडक्या उघड्या होत्या. बाहेर टँकरच्या रांगेतल्या बायका हंडे घेऊन बसल्या होत्या, नेहमीपेक्षा शांत.

ठेकेदारानं ठराव मांडला. सदर कादंबरी वाचनालयातून काढून टाकावी.

“कारण?” मार्थाबाईंनी विचारलं.

“कारन कशाला?” ठेकेदार म्हणाला.

“ठरावाला कारण लागतं. उद्या तपासणीला साहेब येतात, ते विचारतात.”

“बदनामी,” आबासाहेब म्हणाले. “लिव्हा, बदनामी करनारं पुस्तक.”

मार्थाबाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की आमच्या वर्गात पंखा नसूनही गार वारं सुटायचं. “कुणाची बदनामी, आबासाहेब?”

“कुनाची म्हंजी?”

“पुस्तकातल्या गावाचं नाव आपल्या गावाचं नाही. माणसाचं नाव तुमचं नाही. बाग संत्र्याची आहे. सरकारी पाणी बागेला चोरणारा तो माणूस म्हणजे मीच, असं कुणी पुढे येऊन सांगत असेल, तर त्याचं नाव ठरावात लिहू. अनुमोदक म्हणून मी सही करते. सांगा. कुणाचं नाव लिहू?”

बाहेर कुणाचा तरी हंडा घसरला, त्याचा आवाज आत तोफेसारखा आला. ठेकेदारानं आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, जे कित्येक महिने बंद होतं.

“बरं, ऱ्हाऊ द्या ठराव,” आबासाहेब म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला, आणि त्या मऊपणाचंच मला भय वाटलं. “भांडान कशाला? पुस्तकाला वाळवी लागलीया. पर्भाकरनं बगितलीया. तो लिव्हून देईल, सही करील. बाद. काय रं पर्भाकर?”

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. इथे थोडं थांबून सांगतो. माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग येत नाहीत, आणि आले तर तो त्या वेळी बाहेरगावी असतो. एक सही. मेलेल्या पुस्तकांच्या नावापुढे मी तशा कितीतरी केल्या होत्या. सही केली तर नोकरी राहते, मागची खोली राहते, मुली त्याच अंगणात खेळतात. दुष्काळात दुसरीकडे कोण नोकरी देणार? आणि एका कादंबरीचं काय, नगरला दुकानात तिच्या आणखी प्रती असतील.

पण ते पुस्तक टेबलावर समोर होतं. त्याचे कोपरे हात लागून लागून काळे झाले होते, पानांत हळदीची बोटं उमटली होती. एवढी वाचलेली प्रत माझ्या कपाटात दुसरी नव्हती. आणि या एवढ्या जित्या पुस्तकावर मी ‘वाळवी’ लिहायचं?

“आबासाहेब,” मी म्हणालो, आणि आवाज माझाच आहे ना, हे ऐकायला क्षणभर थांबलो. “पुस्तकाला वाळवी लागलेली नाही.”

“नीट बघ.”

“नीट बघूनच सांगतोय. पुस्तक धडधाकट आहे. त्याच्यापुढे अजून वाचकांचे नंबर लागलेत. मी सही करणार नाही.”

खिडकीतून हौसाबाईचा आवाज आला, “आन शेवट ऐकायचा ऱ्हायलाय आमाला!”

बाहेर हशा पिकला. आत कुणी हसलं नाही. आबासाहेब उठले. “पुस्तक ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “पुस्तक तुमचं. पन खोल्या माज्या हायत. दोन्ही. मला कडबा ठेवायला जागा पायजेल.” आणि काठी उचलून निघून गेले. मग माझा पगार थांबवायचं मंडळाला सुचलं, तेवढा एक ठराव मात्र कारणाशिवाय झाला.

पुढचं थोडक्यात. कपाटं बैलगाडीतून मिशनच्या शाळेच्या व्हरांड्यात गेली, मार्थाबाईंच्या ओळखीनं. संसार त्याच शाळेच्या मागे एका कोठारात. नवं मंडळ येईपर्यंत मी बिनपगारी ग्रंथपाल होतो. सकाळी दुष्काळी कामावर खडी, संध्याकाळी पुस्तकं. पहिल्याच दिवशी हातोडी अंगठ्यावर मारून घेतली. हौसाबाई म्हणाली, “भाऊ, हितं शेवटचं पान न्हाई, पयल्यापासनं फोडायचं असतं.” टँकर नंतर सरळ गावात येत राहिला. एक रांग मात्र टिकली असं म्हणवत नाही; पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, आणि विहिरी पुन्हा दोन झाल्या. ते मला आजही बोचतं. हौसाबाईच्या मागे सुमन उभी राहिली, तसा तेव्हा मी का उभा राहिलो नाही, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. आबासाहेबांच्या बागेतली निम्मी झाडं वाळली. झाडांबद्दल मला वाईट वाटलं. बाकी कशाबद्दल नाही. आजही तो प्रसंग आला, तर मी तेच सांगेन: पुस्तक धडधाकट आहे.

मला नंतर पुष्कळ विद्वान वाचक भेटले. कादंबरीनं कधी समाज बदलतो का, असं विचारणारे. मी त्यांना एवढंच सांगतो, की आमच्या गावात निम्म्या कादंबरीनं एक टँकर सरळ केला होता, आणि तेही नायिकेला विहिरीच्या काठावरून परत आणल्यावर. पूर्ण कादंबरीनं काय होतं, हे बघायला लोकांनी धीर धरला नाही, यात लेखकाचा दोष नाही.

आता त्या सभेच्या संध्याकाळचं. मंडळी गेल्यावर मी मागच्या खोलीत आलो. वाटत होतं, सुमननं मघाशी खिडकीतून सगळं ऐकलं असेल, निदान ओवाळणीचं ताट नाही तरी गूळपाणी मिळेल. पण ती तेव्हा रांगेच्या टोकाला होती, तिच्यापर्यंत फक्त हशा पोचला होता. मी तिला सगळं सांगितलं. थोडं रंगवूनच सांगितलं. पगार गेला, खोली गेली, पण मी नाही म्हणालो.

ती भाजी चिरत होती. विळी तिरकी ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

“नाही म्हणालात?”

“स्पष्ट.”

“उभं राहून म्हणालात की बसून?”

मी आठवून पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती. पाच माणसं साक्षीला होती.

“बसून,” मी म्हणालो. “गुडघे उठायला तयार नव्हते.”

“असू द्या,” सुमन म्हणाली आणि पुन्हा विळीवर वाकली. “पहिल्यांदा बसूनच जमतं. पुढच्या वेळी उभं राहून म्हणा.”